ऑनलाइन पोकर: यवतमाळच्या होतकरूंसाठी प्रवेशिका

पोकर शिकायला काय लागतं? वय अठरा ते पंचवीस. पोलीस भरतीचं एक मैदान आणि तलाठ्याची एक परीक्षा देऊन झालेली असावी, म्हणजे निकालाची वाट पाहायची सवय अंगात मुरलेली असते. रोजचा दीड जीबी डेटा. घरी चार-पाच एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि मधूनमधून तुरीच्या ओळी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बापाच्या बँक खात्याला जोडलेला मोबाइल नंबर तुझ्याजवळ असावा. बाबू, ही शेवटची अट तू बहुधा पूर्ण करतोसच. सीसीआयला कापूस घालायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी, पीएम किसानची केवायसी, पीक विम्याचा फॉर्म, हे सगळं घरात तूच करतोस. ओटीपी तुझ्याच फोनवर येतो. अ‍ॅपवाल्यांना एवढंच लागतं.

धडा पहिला: आपलं घराणं ओळखा

तू नवशिका आहेस असं समजू नकोस. जुगार तुझ्या रक्तात आहे, आणि तो पोळ्याला पिंपळाखाली बसून पत्ते कुटणाऱ्या काकाकडून आलेला नाही, बापाकडून आलेला आहे. मृगाच्या पहिल्या सरीवर विश्वास ठेवून बियाण्याचं पाकीट फोडणं, मग पंधरा दिवस आभाळाकडं पाहणं, मग दुबार पेरणीसाठी कृषी केंद्रवाल्याकडून उधारीवर दुसरं पाकीट आणणं, यापेक्षा मोठी बोली कुठल्या टेबलावर लागते? हमीभाव कागदावर असतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलमागं ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये. पण कापसातला ओलावा बारा टक्क्यांवर गेला की सीसीआय गाडी परत फिरवते, आणि फिरवलेली गाडी कुठं जाते हे राळेगाव ते वणी सगळ्यांना ठाऊक आहे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात एका जुगाऱ्याचं सूक्त आहे. बायको दुरावली, सासू द्वेष करू लागली, तरी फासे सुटत नाहीत, असं तो रडतो. शेवटी त्याला सल्ला मिळतो, की फासे टाक आणि शेती कर. सल्ला चांगलाच आहे. फक्त सल्ला देणाऱ्यानं यवतमाळच्या बाजारात कापूस विकलेला नव्हता.

आपल्या जिल्ह्याचं आणि जुगाराचं नातं त्याहून जवळचं आहे. एके काळी इथला कापूस शकुंतला रेल्वेच्या डब्यांतून मूर्तिजापूरला जायचा आणि तिथून मुंबईला. त्याच मुंबईत कापसाच्या भावावर आकडा लागायचा. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजचा उघडता भाव आणि बंद भाव तारेनं यायचा आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. १९६१ मध्ये ती सोय बंद झाली. खेळणारे मात्र तिथंच होते. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्री यांनी न्यू वरळी मटका आणला. ओपन आणि क्लोज हे शब्द आजही टपरीमागं कुजबुजले जातात, ते मूळचे कापसाच्या बाजारातले आहेत. कापूस पिकवणाऱ्याच्या नशिबी भाव आला, आणि त्या भावाच्या सावलीवर लोकांनी बंगले बांधले. तेव्हा घराण्याची चिंता करू नकोस. घराणं उत्तम आहे.

धडा दुसरा: दुकान शोधा

इथं एक छोटी अडचण आहे. दुकान बंद आहे.

२० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेनं, २१ ला राज्यसभेनं ऑनलाइन गेमिंगचं विधेयक मंजूर केलं, २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा कुठलाही ऑनलाइन खेळ, कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पैसे इकडून तिकडे करणारी बँक किंवा पेमेंट कंपनीही त्यात आली. देशातल्या मोठ्या कंपन्यांनी रोख डाव गुंडाळले, भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचं अशाच एका कंपनीचं नावसुद्धा उतरलं.

त्याच आठवड्यात, १९ ऑगस्टपासून, कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्कही माफ झालं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आपला पहिला वेचा बाजारात येण्याच्या वेळी. सरकारनं एका आठवड्यात एक जुगार बंद केला आणि दुसऱ्यातली आपली पानं आणखी हलकी केली. यावर मी जास्त बोलत नाही, नाहीतर प्रवेशिकेचं निवेदन होईल.

मंत्र्यांकडून प्रेरणा घ्यायची असेल तर तीही सोय आहे. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात बसलेले तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे मोबाइलवर रमी खेळताना दिसतात, असा व्हिडिओ आमदार रोहित पवारांनी समोर आणला. आपण खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेला गेम बाजूला सारत होतो, असं कोकाटे म्हणाले. महिनाअखेरीस त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा व युवक कल्याण खातं आलं. युवक म्हणजे तूच. बघ, तुझ्या कल्याणाचा किती बारकाईनं विचार होतो.

धडा तिसरा: खेळाचे नियम

तीन पत्ती येत असेल तर निम्मं शिकून झालं. ब्लाइंड, चाल, पॅक, शो हे शब्द तुला दत्त चौकात कोणीही सांगेल. पोकरच्या चालू प्रकारात प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात आणि टेबलावर पाच पानं टप्प्याटप्प्यानं उघडतात. या सातांतून सगळ्यांत भारी पाच निवडायची. प्रत्येक टप्प्यावर बोली. बस.

हातात दोन एक्के येणं हे सगळ्यांत मोठं भाग्य. त्याची शक्यता २२१ डावांत एकदा. आकडा ओळखीचा वाटतो का? २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. भागाकार करून पाहा, तोही जवळपास तेवढाच निघतो. फरक इतकाच, की तलाठ्याच्या अर्जाला खुल्या गटात हजार रुपये आणि राखीव गटात नऊशे रुपये एकदाच लागले. आणि दोन एक्के आलेच, समोर एकच गडी असला आणि त्याच्या हाती काहीही आलं, तरी साधारण सात वेळांतून एकदा तोच जिंकतो. उरलेले २२० डाव तू काय करायचं? पॅक करायचं. गुपचूप, कंटाळत, तासन्‌तास. जे हे करू शकतात ते पोकर खेळून थोडं कमावतात. पण ज्याला हे जमतं त्याची एमपीएससीसुद्धा निघते, असा माझा संशय आहे.

धडा चौथा: कौशल्य

हा धडा नीट वाच, बाकीचे चाळलेस तरी चालतील.

जाहिरातीत तू ऐकलं असशील की हा कौशल्याचा खेळ आहे. ते मोठ्यानं सांगायचे, आणि सवय लागू शकते, पैसे जाऊ शकतात हे वाक्य पंक्चर काढून घाईनं निघालेल्या मोटरसायकलच्या वेगानं. खरं तर जाहिरातदारांच्या मंडळाचा नियम डिसेंबर २०२० पासून होता, की इशारा साध्या बोलण्याच्या वेगात द्यावा. असो. आपल्या शेजारच्या अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू तर ऑगस्ट २०२३ मध्ये अशा जाहिरातीवरून थेट सचिन तेंडुलकरच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलनाला बसले होते.

कौशल्याची ही गोष्ट १९६७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून आली. सिकंदराबादच्या एका क्लबात रमी चालायची, पोलिसांनी धाड घातली, खटला दिल्लीपर्यंत गेला. न्यायालय म्हणालं, रमीत पानं लक्षात ठेवावी लागतात, टाकताना-उचलताना डोकं लागतं, ती मुख्यतः कौशल्याची आहे. कंपन्यांनी एवढा भाग फ्रेम करून लावला. त्याच निकालात पुढं असंही आहे, की डाव चालवणारा मालक त्यातून नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो. तो भाग फ्रेमच्या बाहेर राहिला. पोकरबाबत तर गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सरळ सांगितलं होतं, की हा जुगारच आहे.

पण आपण वकील नाही. आपण मानून चालू की पोकर कौशल्याचा आहे. माझं स्वतःचंही तेच मत आहे. आता पुढचा विचार कर. मटक्यात अडाणी आणि हुशार सारखेच असतात. दोघंही हरतात, पण एकाच वेगानं. आकड्याला तुझं शिक्षण माहीत नसतं. कौशल्याच्या खेळात मात्र ज्याच्याजवळ कौशल्य नाही त्याचे पैसे ज्याच्याजवळ आहे त्याच्याकडं जातात, आज ना उद्या, पण नक्की. कुस्तीच्या फडात नवशिक्या पोट्ट्याला केसरीसमोर उभं करून 'हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ आहे, घाबरू नको' असं कोणी म्हणत नाही. पोकरच्या अ‍ॅपवाले तुला तेच म्हणत होते, आणि तू खूश होत होतास. नवशिक्यासाठी 'कौशल्याचा खेळ' हा दिलासा नव्हे, धमकी आहे.

धडा पाचवा: नाल

अड्ड्यावर जागा, सतरंजी, चहा आणि पोलिसांची काळजी पुरवणारा माणूस प्रत्येक डावातून काही रक्कम उचलतो, तिला नाल म्हणतात. अ‍ॅपवर तिला रेक म्हणतात. चहा मिळत नाही.

हिशेब करू. सहा दोस्त प्रत्येकी पाचशे घेऊन बसले. टेबलावर तीन हजार. सरासरी डाव शंभराचा, रेक पाच टक्के, म्हणजे डावामागं पाच रुपये. ऑनलाइन पानं वाटायला वेळ लागत नाही, तासाला साठ डाव धर. तासाला तीनशे रुपये गेले. दहा तासांत तीन हजार संपले. सहाही दोस्त सारखेच हुशार असते, कोणी कोणाला लुटलं नसतं, तरी टेबल रिकामं. यात तू कोणाला हरलास? कोणालाच नाही. व्यापारी ओलाव्याच्या नावाखाली कटती करतो तीसुद्धा गाडीमागं एकदाच करतो. इथं ती दर मिनिटाला होते.

बंदीच्या आधी वर करही होता. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी, म्हणजे शंभर टाकले की खेळायला अठ्ठ्याहत्तर. कंपन्या तो खड्डा बोनसच्या नाण्यांनी भरून दाखवायच्या, जी खेळता यायची, काढता यायची नाहीत. आणि जिंकलासच तर निव्वळ कमाईवर ३० टक्के कापून हाती.

धडा सहावा: समोर कोण बसलंय

पोळ्याच्या डावात समोरचा कोण आहे हे कळतं. तो कोणाचा जावई, त्याला घरी किती बोलतात, भारी पानं आली की त्याची मान कशी हलते. आणि हरलेले पैसे गावातच राहतात. सोमवारी त्याच्याकडूनच उसने मागता येतात. (दुसऱ्या दिवशी पेपरात 'जुगार अड्ड्यावर छापा, मुद्देमाल जप्त' असंही छापून येतं, ते वेगळं.)

स्क्रीनवर समोर एक टोपणनाव असतं आणि वाघाचं चित्र. त्यामागं तुझ्यासारखाच दारव्ह्याचा पोरगा असेल. किंवा एकाच खोलीत बसून एकमेकांना पानं सांगणारे तिघं असतील. किंवा माणूसच नसेल. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्राटस' नावाच्या प्रोग्रॅमनं चार नामांकित व्यावसायिकांशी १,२०,००० डाव खेळून त्यांना धुतलं. २०१९ मध्ये त्याच्याच भावानं, 'प्लुरिबस'नं, सहा जणांच्या टेबलावरही तेच केलं. ती प्रयोगशाळा होती. पण प्रोग्रॅम लिहिता येतो हे एकदा कळलं की तो फक्त प्रयोगशाळेतच राहील असं का मानायचं?

आणि मालकच समोर बसला असेल तर? 'अल्टिमेटबेट' नावाच्या साइटवर आतल्या लोकांजवळ असं खातं होतं, ज्यातून बाकीच्यांची झाकलेली पानं दिसायची. वर्षानुवर्षं दिसत होती. २००८ मध्ये कॅनडातल्या कानावाके आयोगानं चौकशीअंती मुख्य जबाबदारी ज्याच्यावर टाकली तो १९९४ च्या जागतिक पोकर स्पर्धेचा विजेता होता. कौशल्य असलेल्यालाही पानं पाहून खेळावंसं वाटलं, बाबू.

धडा सातवा: पैसे भरा

दुकान बंद आहे म्हटलं तरी मागचं दार उघडं असतं. टेलिग्रामवर लिंक येते, साइट परदेशी असते, आणि पैसे कंपनीच्या नव्हे, भलत्याच माणसाच्या यूपीआयवर पाठवायचे असतात. तो माणूस कोण? बहुतेकदा तुझ्यासारखाच. दोन-चार हजार रुपयांसाठी आपलं खातं, एटीएम कार्ड आणि सिम भाड्यानं दिलेला. लुटीचे पैसे त्याच्या खात्यातून फिरतात, मग एक दिवस खातं गोठतं आणि दुसऱ्या राज्यातले पोलीस पत्ता विचारत गावात येतात. बाप चावडीवर सांगत राहतो, 'आमच्या पोराले काई माहीत नाई साहेब.' आणि ते खरंच असतं.

मागच्या दाराची विदर्भातली गाजलेली गोष्ट जुलै २०२३ ची. नागपूरच्या एका व्यापाऱ्याला गोंदियाच्या बुकीनं ऑनलाइन खेळाची लिंक दिली. तक्रारीनुसार सुरुवातीला खात्यात आठ लाख जमा दिसले, मग थोडं जिंकणं झालं, आणि शेवटी ५८ कोटी गेले. पोलिसांनी गोंदियात छापा घातला तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि किलोच्या मापात सोनं मिळालं. तुझ्याजवळ ५८ कोटी नाहीत. पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता आहे. पद्धत तीच असते, आधी थोडं जिंकू देतात.

धडा आठवा: थाप मारणं

पोकरमधली सर्वांत वरची कला म्हणजे हातात काही नसताना भरपूर असल्याचं भासवणं. नवशिक्याला ही कला टेबलावर कधीच साधत नाही. घरी मात्र झटकन साधते. 'क्लासची फी वाढली.' 'बँकेचं सर्व्हर डाऊन आहे.' 'सीसीआयचे पैसे अजून आले नाईत बाबा, पुढच्या आठवड्यात येतील.' बाप मान डोलावतो, कारण सीसीआयचे पैसे उशिरा येणं ही त्याला न पटण्याजोगी गोष्ट नाही. अख्ख्या खेळात तू जिंकशील असा हा एकच डाव, आणि समोरचा तुझ्यावर विश्वास ठेवतो म्हणूनच.

धडा नववा: गोवा

कोणी म्हणेल, गोव्यात जा, मांडवीतल्या बोटींवर सगळं कायदेशीर आहे. आहे. पण गोव्याच्या सरकारनं १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना कॅसिनोत जायला बंदी केली. जो भटारखाना चालवतो तो आपल्या पोरांना तिथं जेवू देत नाही, यावरून स्वयंपाकाचा अंदाज घे.

परिशिष्ट

ही प्रवेशिका उशिरा हाती आली असेल तर पुढचं थट्टेत घेऊ नकोस. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन कर. जितका लवकर करशील तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. तक्रार सायबर क्राइम पोर्टलवरही करता येते. भिऊ नकोस, २०२५ च्या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. खातं भाड्यानं दिलं असशील तर मात्र ते वेगळं प्रकरण आहे. आजच बँकेत जा आणि वकिलाला गाठ. परतफेडीसाठी लोन अ‍ॅप किंवा सावकार यातलं काहीही उघडू नकोस. रात्री झोप लागत नसेल, डोक्यात वाईट विचार येत असतील तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि बाबांना आज सांग. आपल्या जिल्ह्यात कर्जाची गोष्ट घरात लपवून ठेवल्यानं काय होतं, हे तुला मी सांगायची गरज नाही.